चारशे बारावा पेला

दिनकर घोडक्यांनी आयुष्यात कुठल्याच काचेला दहापैकी दहा दिले नव्हते. त्या मंगळवारी दिले.

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर नेहमीसारखे बारा पेले ओळीने मांडले होते. सगळे एका मापाचे, एका साच्यातले. फक्त प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. दिनकररावांनी बाह्या दुमडल्या, पहिला पेला दांडीला धरून उजेडाकडे नेला, फिरवला, मग कडेवर नखानं टिचकी मारली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. आवाज पूर्ण विरेपर्यंत ते श्वाससुद्धा सोडत नसत. पंच्याहत्तरीतही त्यांचे कान शाबूत होते. गुडघे, दात आणि मूत्रपिंडं यांच्याबद्दल तसं म्हणता येत नव्हतं.

“पाच,” ते म्हणाले. “सरकारी कारकून आहे हा. वाजतो, पण मनापासून नाही.”

वृषालीनं पाच नोंदवले. दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. चौथ्या पेल्याशी मात्र ते थबकले. एकदा टिचकी मारली, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. मग पेला जपून खाली ठेवला.

“दहा.”

“किती?”

“तुला ऐकू कमी यायला लागलं का? दहा.”

“बाबा, दहावीला मला ब्याण्णव टक्के पडले, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, आठ गेले कुठं.”

“मग? गेलेच होते की.” ते हसले आणि खुर्चीत बसले. उरलेल्या आठ पेल्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. “तुझ्या यंत्राला सांग, बस कर म्हणावं आता. झालं.”

त्या पेल्याचा क्रमांक होता चारशे बारा.

दुपारी ती त्यांना घरी घेऊन आली. पिठलं-भाकरी झाली. फडताळातल्या क्रिस्टलच्या बरणीतून दिनकररावांनी लिंबाच्या लोणच्याची फोड काढून घेतली, तशी ती ओरडली, “डॉक्टरांनी मीठ बंद केलंय!”

“लोणच्यात मीठ कुठं असतं? लिंबू असतं.”

बरणी आईची. सबंध वसाहतीत लोणचं चिनी मातीच्या बरणीत असायचं. घोडक्यांकडे मात्र शेवंतीच्या पाकळ्या कोरलेल्या क्रिस्टलमध्ये. काचकारखान्यातल्या माणसाच्या बायकोनं मातीत का म्हणून ठेवायचं, असं आई म्हणायची. एकदा बाबांनी ती बरणी पॉलिशला म्हणून कारखान्यात नेली आणि परत आणली, तेव्हा आईनं ती हातात तोलून पाहिली होती. “हिचं वजन उतरलं की हो! बरणी बारीक झाली अन् मी जाडी.” मग कितीतरी वर्षं घरात तो विनोद चालला.

“आता तुझं नाव होईल,” हात धुताना दिनकरराव म्हणाले.

“आपलं.”

“माझं नको लावू कशालाही.” ते टॉवेलात तोंड पुसत होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही. “मी आपल्या टिचक्या मारल्या.”

ती प्रयोगशाळेत परत गेली. संध्याकाळी आली, तेव्हा ते बातम्या बघत होते. बुधवारी सकाळी साडेसातपर्यंत उठले नाहीत म्हणून ती हाक मारायला गेली.

*

क्रिस्टल काच म्हणतात, पण तिच्यात स्फटिक नसतो. साधी काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना. तिच्यात शिसं घातलं की तीन गोष्टी होतात. शिशाचे जड अणू प्रकाशाचा वेग कमी करतात, तो जास्त वाकतो, म्हणून काच झळकते. वितळलेली काच सावकाश घट्ट होते, म्हणून फुंकणाऱ्याला आकार द्यायला वेळ मिळतो. आणि थंड झाल्यावर ती टिचकीसरशी वाजते, घंटेसारखी. तीनशे वर्षं श्रीमंतांच्या टेबलांवर हाच आवाज होता.

चौथी गोष्टही होते. आंबट पदार्थ त्या काचेत ठेवला, तर तो हळूहळू शिसं बाहेर ओढतो. आणि भट्टीजवळ काम करणाऱ्याच्या अंगात ते थेट श्वासातून जातं.

वृषाली ज्या ‘शुभ्रा क्रिस्टल’मध्ये संशोधक होती, तिथं शिसं लाल भुकटीच्या रूपात यायचं. शास्त्रीय नाव काहीही असो, कारखान्यात त्याला शेंदूरच म्हणत, कारण तो शेंदूरच होता. दर शनिवारी मिश्रणखात्यातली माणसं त्यातला चिमूटभर तेलात कालवून भट्टीजवळच्या मारुतीला लावत, उरलेला आपल्या कपाळाला, आणि त्याच हातांनी डबे सोडत. देवाची वस्तू अपाय करील, असं कुणाच्या मनात येणार? दिनकर घोडके त्या खात्याचे प्रमुख होते. कशात किती काय घालायचं हे त्यांच्या हातात होतं.

शिशाऐवजी दुसरं काही घालायचं तर पर्याय पुष्कळ: बेरियम, जस्त, टायटॅनियम, बिस्मथ, लँथॅनम. एकाने झळाळी येते पण काच पिवळी पडते, दुसऱ्याने वाजते पण फुंकता फुंकता घट्ट होते. सगळी प्रमाणं एकेक करून वितळवून पाहायची तर काही जन्म पुरायचे नाहीत. वृषालीनं सहा वर्षं खपून जी कृत्रिम बुद्धिमत्ता घडवली होती, ती हे काम वितळवल्याशिवाय करत असे. जगभरातल्या लाखभर काचांची माहिती तिला दिली होती. नवं मिश्रण सांगितलं की ते किती झळकेल, किती वेळ मऊ राहील, आंबटात किती झिजेल, हे ती अचूक सांगे. कारखान्यात तिला ‘पारखी’ म्हणत.

पण पारखीला एक गोष्ट येत नव्हती. काच चांगली वाजते म्हणजे काय, हे आकड्यांत मांडता येईना. म्हणून दर मंगळवारी बारा पेले खरोखर बनवायचे आणि पाच जुन्या कारागिरांनी एकेकट्यानं येऊन त्यांना गुण द्यायचे. ज्या पेल्याला जास्त गुण, त्याच्या आसपास पारखी पुढचा शोध घेई. इतर चौघांच्या गुणांत एकवाक्यता नसे. दिनकरराव मात्र इतके ठाम असत की पारखीनं आपणहून त्यांच्या कानाला चौपट वजन द्यायला सुरुवात केली. पारखी शिकली ती त्यांच्याकडून, असं वृषाली परिषदांमधून अभिमानानं सांगायची.

*

तेराव्यानंतर आठवड्यानं मिहीर शहापूरकर घरी आला. कारखान्याची तिसरी पिढी, वृषालीपेक्षा दोन वर्षांनी लहान. फोटोला हार घालून तो बसला.

“वृषालीताई, नव्या काचेला ‘दिनकर क्रिस्टल’ नाव द्यायचं ठरवलंय. पेटंट तुमच्या नावावर, नाव काकांचं.”

“माझं नको लावू” हे तिला आठवलं, पण तो त्यांचा साधेपणा, असं तिनं मनाशी म्हटलं आणि मान डोलावली.

“अजून एक.” त्यानं कागद पुढे केला. “चौकशी समितीपुढे तुम्हाला तज्ज्ञ म्हणून बोलावलंय. वकिलांनी निवेदन तयार केलंय, सही हवी.”

एक्याण्णव जुन्या कामगारांनी आणि त्यांच्या बायकांनी मिळून तक्रार केली होती: आमची दुखणी ही शिशाची दुखणी आहेत असं कारखान्यानं मान्य करावं, आणि आमचे औषधोपचार पाहावेत. कायदा सांगत होता, सुरक्षित पर्याय असताना जर धोक्याचा माल वापरला असेल, तर मालक जबाबदार. निवेदनात एकच महत्त्वाचं वाक्य होतं: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीशिवाय असा पर्याय सापडणं शक्यच नव्हतं.

“हे तर खरंच आहे ना?” मिहीरनं विचारलं.

“खरंच आहे,” ती म्हणाली. “दोन दिवसांत देते सही करून. आकडे एकदा तपासते.”

जाता जाता तो म्हणाला, “उद्घाटनाला नव्या पेल्याशेजारी एखादी जुनी शिशाची वस्तू ठेवूया. लोकांना फरक कळेल. आहे काही घरात?”

तिनं फडताळाकडे पाहिलं.

लोणचं दुसऱ्या डब्यात काढून तिनं बरणी घासली, वर्तमानपत्रात गुंडाळून प्रयोगशाळेत नेली. शिशाचं प्रमाण पाटीवर छापायचं होतं. तिथं हातात धरायचं एक यंत्र असतं, दुकानातल्या किमती वाचणाऱ्या बंदुकीसारखं. त्यातून वस्तूवर क्ष-किरण पडतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक खुणेनं त्याला उत्तर देतं. तिनं ते बरणीच्या पोटाला लावलं, कळ दाबली.

शिसं: शून्य.

यंत्र बिघडलं असं समजून तिनं एका जुन्या झुंबराच्या लोलकावर लावून पाहिलं. शिसं: चोवीस टक्के. पुन्हा बरणीवर. शून्य. झाकणावर. शून्य. बेरियम होतं, जस्त होतं, पोटॅशियम होतं, टायटॅनियम चिमूटभर होतं.

तिनं ते आकडे पारखीत घातले आणि विचारलं, याच्या सर्वांत जवळचा आपला नमुना कोणता?

पारखीला क्षणाचाही वेळ लागला नाही. चारशे बारा.

*

खुर्चीत किती वेळ बसून राहिली, ते तिला कळलं नाही. तशी ती पद्धतशीर बाई होती. उठली आणि पारखीला म्हणाली, पहिल्या मंगळवारपासून प्रत्येक परीक्षकाचे गुण काढ. प्रत्येकाला शोध कुठल्या दिशेनं न्यायचा होता, ते दाखव.

पडद्यावर पाच रंगांच्या रेघा उमटल्या. चौघांच्या रेघा आवडीनिवडी असणाऱ्या माणसांच्या होत्या. आज इकडे, उद्या तिकडे, मध्येच चुकून मागे. पाचवी रेघ निळी होती. आठ महिन्यांत ती कुठंही वाकली नव्हती. पहिल्या मंगळवारच्या पहिल्या टिचकीपासून ती एकाच जागी निघाली होती. वाट माहीत असलेला माणूस चालतो, तशी.

तिसऱ्या आठवड्यातला एक पेला तिला आठवला. चौघांनी आठ-नऊ गुण दिले होते. बाबांनी तीन. “तीनच?” असं तिनं विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, “वाजतो चांगला, पण खोटा वाजतो.” किती आवडलं होतं तिला ते वाक्य! आपल्या शोधनिबंधाच्या सुरुवातीला घातलं होतं. आता तिनं तो पेला कोणत्या मिश्रणाचा होता ते पाहिलं. लँथॅनमचा. तो जिंकला असता, तर पारखी भलत्याच वाटेनं गेली असती, आणि बरणीपाशी कधी पोचलीच नसती.

शोध तिचा नव्हता. पारखीचाही नव्हता. एका माणसानं आपल्याला पाठ असलेलं उत्तर आठ महिने, दर मंगळवारी, थोडं थोडं करून यंत्राच्या तोंडून वदवून घेतलं होतं. मुलगी शेजारी बसून गुण लिहून घेत होती. एक वाक्य पुरलं असतं. सहा वर्षांत, रोज समोरासमोर जेवताना, एक वाक्य.

आणि मग तिला बरणीचं साल आठवलं, तशी ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

बरणी पॉलिशला गेली, तेव्हा ती पहिलीत होती. म्हणजे सन दोन हजार. त्याआधीची तीन वर्षं घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. तिच्या पाठचं मूल आईच्या पोटातच, पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतरचं सातव्या. आईला लिंबाचं लोणचं लागायचं ते तेव्हाच, दोन्ही वेळच्या जेवणात; जिभेला दुसरी चवच नाही म्हणायची. दुसऱ्यांदा दवाखान्यातून आली, ती वेगळीच होऊन आली. वसाहतीत कुणाचं डोहाळजेवण असलं की जायची, पण मागे भिंतीला टेकून बसायची. ओटी भरायला बोलावलं तर हात जोडायची. “नको बाई, माझ्याच पोटात दोष आहे. लेकुरवाळ्या भरू देत.” पुढं मूत्रपिंडं गेली, तरी डॉक्टरांना हेच सांगायची. मरेपर्यंत. आणि बाबा तिथंच असायचे. दारात सायकल धरून उभे, तिला घरी न्यायला. ऐकत.

*

हणमंत जाधव तिच्या वडिलांच्या बरोबरीचा. कारखान्यातला सर्वांत चांगला फुंकणारा, असं सगळे म्हणत. आता त्याची दोन्ही मनगटं लुळी पडली होती. हात कोपरापासून उचलावे लागत आणि पंजे खाली लोंबत. शिसं नसांवर बसलं की असं होतं. तो ओट्यावर बसला होता. सुनेनं चहा आणून दिला, तो त्यानं दोन्ही पंजांमध्ये धरून कोपरांनी उचलला.

“ये की पोरी. दिन्या गेला अन् माझ्याशी भांडायला कुणी राहिलं न्हाई बघ.”

“काका, एक विचारू? आईची ती शेवंतीची बरणी. बाबांनी पॉलिशला आणली होती.”

“पॉलिश कसलं?” तो हसला. “नवी बरणी हाय ती. मीच फुंकली. दिन्या म्हणला, जुनी फुटली माझ्या हातनं, प्रमिलाला कळलं तर जेवायला घालणार न्हाई. तशीच हुबेहूब करून दे.”

“मिश्रण कुणाचं होतं?”

“त्याचंच. एका लहान मुशीत आणलं होतं, सुट्टीच्या दिवशी. मी म्हणलं, लेका ह्ये काय कालवलंस, पाक लवकर घट्ट हुतोय, नेहमीसारखं मला रमतगमत काम करू देईना. तर म्हणला, उरलंसुरलं हाय रे, गपगुमान फुंक.” त्यानं चहाचा घोट घेतला. “पर वाजली काय, सांगू! टिचकी मारली अन् दोघं येड्यासारखं ऐकत बसलो. मी म्हणलं, दिन्या, हे मिश्रण मोठ्या भट्टीला लाव. तर त्याचं तोंड असं झालं, जसं मी त्याला शिवी दिली.”

“मग?”

“मग काय! लागला शेंदूर मोजायला.” त्यानं कप खाली ठेवला, आणि रिकामे पंजे मांडीवर लोंबत राहिले. “त्या साली कंपनीचा डॉक्टर आला हुता आमचं रक्त तपासायला. दिन्याला आत बोलावून लई वेळ बोलला. आम्हाला सांगितलं, दूध प्या.”

तिनं त्या पंजांकडे पाहिलं. दोन हजार साली ते धडधाकट होते. शिशाशिवायची काच याच हातांनी फुंकली होती, आणि दुसऱ्या दिवशी हेच हात पुन्हा शिशाच्या धुरात गेले होते. आणखी बारा वर्षं.

सांगायला म्हणून ती आली होती. सांगितलं नाही.

“का गं, रडतीस का?”

“काही नाही काका. बाबांची आठवण आली.”

“भला माणूस हुता,” हणमंत म्हणाला.

*

मिहीरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. बरणी हातात घेऊन त्यानंही टिचकी मारली आणि नकळत “वा” म्हणाला. मग खाली ठेवली.

“ताई, ही एक बरणी आहे. तुमच्या घरातली. घरी न्या आणि लोणचं घाला.”

“आणि निवेदन?”

“निवेदन खरंच आहे. कारखान्याला माहीत नव्हतं. एका माणसाला माहीत होतं, आणि त्यानं कारखान्याला सांगितलं नाही.”

“सगळा माल आपल्याच गोदामातला होता मिहीर. बेरियम, जस्त, सगळं. मिश्रणखात्यातल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी एका मुशीत जमलं, ते कारखान्यानं शोधायचं मनात आणलं असतं तर जमलं नसतं? तुम्ही लिहिलंय, शक्यच नव्हतं.”

“ठीक आहे. सांगा. पण आधी विचार करा, काय सांगणार आहात. एक्याण्णव घरांत काकांचा फोटो देवासारखा बघतात. तुम्ही त्यांना सांगणार, या माणसानं आपली बायको वाचवली आणि तुम्हाला भट्टीवर सोडलं. पेटंट जाईल, ते सोडा. तुमच्याकडे वडिलांचं जे काही उरलंय, तेही जाईल. कागद तुमच्याकडे आहे. सही केलीत तर कुणालाही, कधीही कळणार नाही.”

कागद घेऊन ती घरी आली. तीन दिवस तिनं बाबांच्या बाजूनं विचार करून पाहिला. तिला तशी सवयच होती. आयुष्यभर तिनं त्यांचीच बाजू घेतली होती. बोलले असते तर भट्टी बंद पडली असती. परदेशी गिऱ्हाईक शिशाचीच काच मागत होतं. खात्याचा प्रमुख म्हणून पहिला दोष त्यांच्यावरच आला असता. भीती वाटली असेल. माणसाला भीती वाटते. आठ महिने त्या टेबलाशी बसून त्यांनी जे केलं, ती एक प्रकारची कबुलीच होती, असंही म्हणता येईल. आपण हयात असताना कुणी काही विचारू नये आणि गेल्यावर गोष्ट लोकांना मिळावी, अशी सोय केलेली कबुली.

इथपर्यंत ती यायची. कारखान्याचं, हणमंतचं, स्वतःच्या सहा वर्षांचंही तिला कसंबसं समजून घेता येत होतं. पण मग दारात सायकल धरून उभा असलेला माणूस दिसायचा. आत भिंतीशी बसलेली बाई म्हणतेय, माझ्याच पोटात दोष आहे. आणि तो घंटी वाजवून म्हणतोय, “चल, उशीर झाला.” भट्टी वाचवायला हे गरजेचं नव्हतं. घरातल्या घरात, दार लावून, आई जाईपर्यंतच्या एकवीस वर्षांत कधीही सांगता आलं असतं.

तिला आणखीही एक गोष्ट दिसायची, तिची स्वतःची. आई ते वाक्य बोलायची तेव्हा शेजारी तीही बसलेली असायची. आधी लहान, मग कॉलेजातली, मग रसायनशास्त्राची डॉक्टर. एकदाही तिनं आईचं बोलणं खोडलं नव्हतं. खोडायला तिच्यापाशी काही नव्हतं म्हणून नव्हे. कुठंतरी तिलाही ते खरं वाटत असे म्हणून.

*

समितीची सुनावणी जिल्ह्याच्या गावी, एका शाळेच्या सभागृहात होती. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई. कामगार पुढच्या रांगांत बसले होते; कुणी काठी टेकून, कुणी ऑक्सिजनची नळी लावून. हणमंत पहिल्याच रांगेत होता. त्यानं तिला पाहून कोपर उचललं, पंजा हलवल्यासारखं केलं.

मिहीर वकिलांशेजारी होता. निवेदन टेबलावर होतं. सहीची जागा कोरी.

“डॉक्टर घोडके,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “या निवेदनावर आपली सही नाही.”

“नाही.”

“कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीशिवाय असा पर्याय शक्य नव्हता, हे आपल्याला मान्य आहे का?”

वकिलानं मान वर केली. मिहीरनं केली नाही.

“पर्याय होता,” वृषाली म्हणाली. “सन दोन हजारपासून होता. याच कारखान्यात, याच कारखान्याच्या मालातून बनला होता. मी वस्तू आणि तिची तपासणी दोन्ही समितीला देते. माझ्या यंत्रानं तो शोधला नाही. यंत्राला तो दाखवण्यात आला.”

“कुणी दाखवला?”

“माझ्या वडिलांनी. दिनकर घोडके. त्यांना सगळं माहीत होतं.”

सभागृहात कुणीतरी “काय म्हणते?” असं शेजाऱ्याला विचारलं. मग आवाज वाढला. ती हणमंतकडे वळली. त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळू द्यायचं नव्हतं.

“काका, तुम्ही फुंकलीत ती बरणी शिशाशिवायची होती. बाबांनी तुमच्याकडून करून घेतली आणि तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा मला माहीत होतं. मीही सांगितलं नाही.”

हणमंत तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा रागानं बदलला नाही. तो नुसता हळूहळू रिकामा होत गेला. मग त्यानं आपल्या पंजांकडे पाहिलं, आणि पुन्हा वर पाहिलं नाही.

अध्यक्षबाईंनी टेबलावर पेन आपटून शांतता करवली. लिहून घेणाऱ्या कारकुनाला थांबायची खूण करून त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “बसा आपण. पाणी घ्या. आपल्या वडिलांविषयी आणखी काही सांगायचं आहे का?”

“त्यांच्याविषयी नाही.”

ती उभीच राहिली. आवाज लांबवर पोचायला हवा होता. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, बायका बसल्या होत्या; जाधवांची, मोऱ्यांची, शेखांची. त्यांतल्या कितीजणींनी काय काय आपल्या माथी मारून घेतलं असेल, कुणास ठाऊक.

“माझ्या आईचं नाव प्रमिला दिनकर घोडके,” ती म्हणाली. “तिची दोन मुलं जन्माआधी गेली. ती शिशानं गेली. तिच्यात काही दोष नव्हता. हे मी तिला कधी म्हटलं नाही. आई, तुझ्यात काही दोष नव्हता.” मग कारकुनाकडे वळून ती म्हणाली, “हे लिहून घ्या.”